वहीएवढा खिसा

आमच्या सुनेला माझ्या मुलाच्या आधी मी पाहिलं. मी दवाखान्यातल्या शिवणखोलीत सव्वीस वर्षं चादरी, अभ्रे आणि रोग्यांचे झगे शिवले. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईला दवाखान्यात याहून मोठं पद कोण देणार, आणि मला तरी कुठे हवं होतं? एके दिवशी एक काटकुळी मुलगी हातात सुतळी घेऊन दारात उभी राहिली.

"मावशी, पडदा शिवून द्याल का? पुस्तकांना ऊन लागतं."

मी म्हटलं, "आधी माणसांचे झगे होऊ देत, मग पुस्तकांचं बघते."

"माणसं उठून सावलीत जातात हो. पुस्तकांना पाय कुठे आहेत?"

दवाखान्याच्या ग्रंथालयात ती नवीन लागली होती. ती खोली अर्धी जमिनीखाली. खिडक्या छताला चिकटलेल्या, त्यातून रस्त्यावरच्या लोकांची नुसती पावलं दिसायची, आणि दुपारी त्याच खिडक्यांतून ऊन थेट कपाटांवर यायचं. तिने सुतळीला गाठी मारून आणल्या होत्या. एक गाठ म्हणजे रुंदी, दोन गाठी म्हणजे उंची. "तीनदा मोजलंय," म्हणाली. मी मनात म्हटलं, पडद्यासाठी जी तीनदा मोजते तिचं माप संसारात चुकायचं नाही. पुढे एकदा चुकलं. संसारात नाही, कामात चुकलं, आणि तेच सांगायला मी बसले आहे.

पडदा शिवून झाल्यावर तो टांगायला मी मुलाला पाठवलं. तो लिफ्टचा मिस्त्री. एक पडदा टांगायला त्याला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी तो "दांडी जरा वाकडी वाटते" असं म्हणत पुन्हा निघाला, तेव्हा मी दुकानात जाऊन लग्नाच्या साड्यांचे भाव विचारून आले.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. नात तेरा वर्षांची आहे आणि तिची जीभ तीस वर्षांची.

पहिली काही वर्षं सुनेच्या ग्रंथालयात बसायला जागा मिळायची नाही. शिकाऊ डॉक्टर जमिनीवर बसून वाचायचे. मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला, आणि हळूहळू खुर्च्यांनाच माणूस मिळेनासा झाला. सून रोज कपाटं पुसायची, नोंदी करायची, पडद्याची दोरी ओढून ऊन अडवायची. एकदा वरच्या मजल्यावर काही कार्यक्रम होता म्हणून शिपाई तिच्या आठापैकी सहा खुर्च्या घेऊन गेले. त्या परत आल्याच नाहीत. खुर्च्या गेल्याचं तिला दुःख नव्हतं. त्या परत आणायच्या होत्या हे कोणाच्या लक्षातही आलं नाही, ते तिला लागलं. 

त्यानंतरच कधीतरी तिने एक कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. आरोग्याची माहिती सांभाळणाऱ्या लोकांसाठी वर्षभराची फेलोशिप. बारा जणांना घेणार. आठवड्यातून एकदा संगणकावर वर्ग, बाकी काम आपापल्या दवाखान्यात.

मुलाने विचारलं, "आणि शेवटी काय मिळतं?"

"काम येतं."

"ते तर तुला आत्ताही येतं."

"नाही येत," सून म्हणाली. "पुस्तक कुठे आहे ते मला येतं. उत्तर कुठे आहे ते नाही येत."

मी तिच्या ताटात भात वाढला. त्रेचाळीस वर्षांची बाई भरल्या ताटावर बसून मला येत नाही म्हणते, तेव्हा तिला उगाच समजावू नये.

अर्ज तिने भरला, पण पाठवायचं बटण दाबेना. वाचायची, परत पहिल्यापासून वाचायची. शेवटी नातीने मागून तिच्या खांद्यावरून हात घातला आणि बटण दाबूनच टाकलं. "आई, तुझं तीनदा झालं. चौथ्यांदा वाचलंस तर तारीख जाईल." सुनेने तिला धपाटा घातला आणि मग स्वतःच हसत सुटली. महिन्याभराने निवड झाल्याचं कळलं. त्या दिवशी तिने डाळीत मीठ दोनदा घातलं आणि आम्ही तिघांनीही ती मुकाट्याने खाल्ली.

दर गुरुवारी संध्याकाळी ती माझ्या शिवणयंत्राच्या टेबलावर संगणक मांडून बसायची, कारण घरात दुसरं सपाट असं काही नाही. पडद्यावर बारा चौकोनांत बारा चेहरे, आणि तेराव्या चौकोनात त्यांना शिकवणारी बाई. तिला आम्ही घरात गुरुबाई म्हणायचो. पिकलेले आखूड केस, मृदू आवाज, आणि मधूनच तिच्या तोंडासमोरून मांजराचं शेपूट जायचं. मांजराला कोणी हाकलायचं नाही, तेही बहुधा शिकत असावं.

गुरुबाईने पहिल्या दिवशी उत्तर शोधायला शिकवलंच नाही, प्रश्न विचारायला शिकवलं. प्रश्नाचे चार तुकडे करायचे. कोणाला, काय द्यायचं, कशाऐवजी, आणि कशासाठी. हे चार नीट ठरले नाहीत तर संगणक डॉक्टरांच्या लेखांचे हजार कागद समोर ओततो आणि त्यातला एकही कामाचा नसतो. सुनेने हे घरी सांगितलं मात्र, नात लगेच तयार.

"कोणाला? मला. काय? नवी सायकल. कशाऐवजी? बाबांच्या जुन्या सायकलीऐवजी. कशासाठी? शाळेत वेळेवर पोचायला."

"शोधून सांगते," सून म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पुरावा सापडला. उशीर सायकलीमुळे होत नाही, अंथरुणामुळे होतो."

मलाही चेव आला. मी विचारलं, माझ्या गुडघ्यांना ते नवीन तेल लावू का, जुन्या तेलाऐवजी, जिना चढता यावा म्हणून? तिने दोन दिवस शोधलं आणि सांगितलं, "आई, दोन्ही तेलांचा उपयोग सारखाच आहे. म्हणजे फारसा नाहीच. चालण्याचा आहे." झालं. तेल गेलं आणि रोजचं चालणं मागे लागलं. तेव्हापासून तिला काही विचारायचं तर मी दहादा विचार करते.

पण खरी परीक्षा पुढेच होती. शेवटचे सहा महिने बाराही जणांनी कुठल्यातरी वॉर्डात जायचं होतं. सकाळी डॉक्टर खाटेखाटेशी फिरतात, त्यांच्याबरोबर फिरायचं, त्यांना पडलेले प्रश्न टिपायचे, शोधायचे आणि दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं. आणि शेवटी त्या वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांनी सहीचं पत्र द्यायचं, की ही बाई आम्हांला इथे हवी आहे. पत्र नाही तर फेलोशिप पुरी नाही.

सुनेला मिळाला पाचव्या मजल्यावरचा मुलांचा वॉर्ड. तिथले मोठे डॉक्टर मला शिवणखोलीपासून माहीत. माणूस वाईट नाही, पण बोलणं असं की शब्द विकत आणावे लागतात असं वाटावं. ते सुनेला म्हणाले, "बाई, खाटेपाशी गर्दी मला चालत नाही. या. पण एक उत्तर चुकलं, की खाली."

"चालेल," सून म्हणाली.

घरी येऊन मात्र तिने मला विचारलं, "आई, चालेल म्हणाले ते बरोबर केलं ना?"

मी म्हटलं, "म्हणून झालंय. आता कोट दाखव."

दवाखान्याने तिला पांढरा कोट दिला होता, त्यात अशा दोघी मावल्या असत्या. मी बाह्या कमी केल्या, खांदे आत घेतले. तिची वही मोठी, जाड पुठ्ठ्याची. कोटाच्या खिशात ती अर्धी बाहेर राहायची. म्हणून मी वहीचं माप घेऊन डाव्या बाजूला नवा खिसा लावला, दुहेरी शिवण घालून. वही आत गेली की दिसायचीही नाही आणि वाकलं तरी पडायची नाही.

ती वही म्हणजे गुरुबाईचा नियम. काय सापडलं एवढंच लिहायचं नाही, कसं शोधलं तेही लिहायचं. कुठे शोधलं, कोणते शब्द घातले, कुठल्या चौकोनात खूण केली, किती कागद आले, किती सोडले आणि का सोडले. तुमच्या मागून दुसरं कोणी आलं तर त्याच पायवाटेने त्याच जागी पोचलं पाहिजे. सून वॉर्डात घाईघाईने कच्चं लिहायची आणि मग एक दिवसाआड सकाळी माझ्या टेबलावर बसून उजव्या पानावर ते पक्कं उतरवायची.

चार महिने छान गेले. वॉर्डातली मोठी सिस्टर माझी जुनी ओळखीची. चादरी मोजून नेताना रोज एक तरी चादर जास्त मागायची. ती मला बाजारात भेटली की सांगायची, "मावशी, तुमची सून आली की शिकाऊ डॉक्टर ताठ उभे राहतात. पूर्वी 'मला वाटतं' म्हणायचे, आता 'मी बघून सांगतो' म्हणतात." मुलंही तिला ओळखायला लागली होती. त्यांनी तिचं नाव वहीवाल्या मावशी ठेवलं होतं.

त्या वॉर्डात सात वर्षांची एक मुलगी होती. अंगावर सूज, नेहमीचं औषध तिला सोसेना. तिची आई खाटेशेजारी बसून असायची, मांडीवर दोन महिन्यांचं तान्हं. बाप कामासाठी लांब. सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी सुनेला प्रश्न दिला, "दुसरं एक औषध आहे. मोठ्यांना देतात. इतक्या लहान मुलांना कोणी दिलंय का? दिलं असेल तर किती, आणि पुढे काय झालं?"

मंगळवारी सुनेने सांगितलं, "शोधलं. मुलांबद्दल काहीच नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

डॉक्टर म्हणाले, मग अंधारात उडी मारायची नाही. मुलीला लांबच्या मोठ्या दवाखान्यात पाठवू. उद्या अकराला गाडी. तो दवाखाना आठ तासांवर. तान्हं घेऊन आईला जाता येईना आणि तान्ह्याला ठेवायला कोणी नाही. मुलीने एकटीनेच जायचं ठरलं, गाडीतल्या सिस्टरबरोबर. आईने तिच्या पिशवीत कंगवा ठेवला, काढला, परत ठेवला. सून हे बघून घरी आली आणि त्या संध्याकाळी नातीला शेजारी घेऊन बसली, काही कारण नसताना.

बुधवारी सकाळी ती टेबलावर वही पक्की करत होती. मी शेजारी चहा घेत होते. लिहिता लिहिता तिचा हात थांबला. शाई पुसायला थांबतो तसा नाही, मेलेल्यासारखा थांबला. 

"आई," ती म्हणाली, "मी मोठ्या माणसाचं माप ठेवून लहान पोराचा झगा बेतलाय."

तिने मला समजेल असं सांगितलं. संगणकाला सांगता येतं, मला फक्त मोठ्या माणसांबद्दलचं दाखव. एका चौकोनात खूण करायची. ती आपण होऊन काढेपर्यंत तशीच राहते. सोमवारी दुपारी तिने आधी बाळंतिणींच्या वॉर्डाचा एक प्रश्न शोधला होता, त्यासाठी ती खूण केली. मग तिथेच बसल्या बसल्या मुलीचा प्रश्न घेतला. शब्द बदलले, शब्द तीनदा तपासले. खूण एकदाही तपासली नाही. मुलांचं विचारलं आणि फक्त मोठ्यांचंच दाखव म्हटलं, तर संगणक काय दाखवणार? त्याने शून्य दाखवलं. आणि हिने शून्याचं 'नाही' करून टाकलं. कच्च्या पानावर तिच्याच हातचं लिहिलेलं होतं, खूण अमुक. उतरवताना ते दिसलं.

मुलगा बूट घालत होता. तो म्हणाला, "अगं मग आता परत शोध. सापडलं तर जाऊन सांग, आज सापडलं म्हणून. खोटं कुठे आहे त्यात? ती वही तुझ्याशिवाय कोण वाचतंय?"

सून वहीचं पान बोटांत धरून बसली. मोह व्हायचाच, माणूस आहे. तिच्या डोळ्यांपुढे पाचवा मजला दिसत असणार, आणि दोनच खुर्च्या उरलेली ती खालची खोलीही.

मग म्हणाली, "अहो, आज सापडलं हे खरं. पण काल नव्हतं हे खोटं. उद्या मी परत 'नाही' म्हणाले, तर त्या डॉक्टरांनी काय समजायचं? खरंच नाही, की मी बघितलं नाही?"

मी उठले. इस्त्री तापत ठेवली होती, तिचा कोट घेतला.

"आई, कोट आज घालू का नको?"

"घालून जा. काढायला सांगतील तेव्हा काढ."

ती सातलाच खाली ग्रंथालयात पोचली. सगळ्या खुणा काढल्या आणि पुन्हा शोधलं. चार कागद आले. त्यातले दोन नीट कामाचे. कुठल्यातरी लांबच्या गावी डॉक्टरांनी अकरा मुलांना तेच औषध थोडं थोडं वाढवत दिलं होतं आणि रोजचं लिहून ठेवलं होतं. कोणाला सोसलं, कोणाला नाही, कधी थांबवलं, सगळं.

पुढचं मला सिस्टरने सांगितलं, हातवारे करून. साडेआठला सगळे मुलीच्या खाटेपाशी जमले. आई पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. सून पुढे झाली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "डॉक्टर, काल मी काहीच नाही म्हणाले. ते चुकीचं होतं. मी एक दार लावून ठेवलं होतं आणि घरात कोणी नाही असं सांगितलं. हे कागद. आणि कुठे चुकले ते या पानावर आहे."

डॉक्टर म्हणाले, "आपलं काय ठरलं होतं, आठवतं?"

"आठवतं. आधी कागद वाचा, मग मला खाली पाठवा."

सिस्टर म्हणाली, "मावशी, मी अठ्ठावीस वर्षांत त्यांच्याशी असं बोलताना कोणाला ऐकलं नाही. हातातला ट्रे मी खालीच ठेवून दिला."

डॉक्टरांनी उभ्या उभ्या वाचलं. पान उलटलं, परत मागे गेले. एका शिकाऊ डॉक्टरला हिशेब करायला सांगितला, मुलीचं वजन धरून. मग सिस्टरला म्हणाले, "गाडी नको म्हणून कळवा. आज दुपारपासून सुरू करू. दर दोन तासांनी मला सांगायचं." मुलीच्या आईला सगळं कळलं नाही, पण गाडी नको एवढं कळलं. तिने पिशवीतला कंगवा काढला आणि तिथेच मुलीची वेणी घालायला घेतली.

आणि मग डॉक्टर सुनेकडे न बघता म्हणाले, "बाई, अट ती अट."

सून जिन्याने खाली गेली. लिफ्टसाठी थांबलीसुद्धा नाही.

संध्याकाळी मुलाने तिची समजूत काढायला पाहिली. "लिफ्ट खाली येते ती पुन्हा वर जायलाच येते."

"तुमच्या लिफ्टा अर्ध्यात अडकतात," ती म्हणाली. पण निदान बोलली.

कोट तिने खुंटीला लावला आणि मला म्हणाली, "आई, तो खिसा काढून टाका. साधाच राहू दे कोट. आता वही कुठे न्यायची आहे?"

मी म्हटलं, "दोरा संपलाय. आणते, मग बघू."

खिसा उसवायला दोरा कशाला लागतो, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. 

गुरुवारी तिने ते चुकलेलं पान गुरुबाईला पाठवलं. मी पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होते. गुरुबाई बराच वेळ वाचत राहिली. मांजराचं शेपूट आलं आणि गेलं. मग तिने विचारलं, "हे बाकीच्यांना दाखवलं तर चालेल?"

सून म्हणाली, "दाखवा."

अकरा जणांनी आपापल्या वह्या उघडल्या. तासाभरात त्यातल्या चौघांना तीच चूक आपल्याही पानांत सापडली. एकाची तर तीन महिने जुनी. कोणी हसलं नाही. पण शेवटी गुरुबाईने मऊ आवाजात सांगितलं, "पत्र मात्र वॉर्डाकडूनच यायला हवं. ते मी लिहून देऊ शकत नाही." संगणक मिटल्यावर सून तशीच टेबलाशी बसून राहिली. नात आली आणि तिच्या पाठीला पाठ लावून अभ्यास करत बसली. त्या दिवशी नातीची जीभसुद्धा तेरा वर्षांचीच होती.

दिवस जात होते. सिस्टर मला बाजारात गाठून बातमी द्यायची. मुलीने उलटी केली नाही. पायांची सूज उतरली. चेहऱ्याची उतरली, आता नाक दिसायला लागलं, आणि नाक आईसारखंच आहे. "रोज विचारते हो पोरगी, वहीवाल्या मावशी कुठे गेल्या? मी सांगते, खाली पुस्तकं वाळवतायत." मी घरी येऊन हे सगळं सुनेला सांगायची. ती ऐकायची, नाकाचं दोनदा सांगायला लावायची, आणि मग कामाला लागायची.

बाराव्या दिवशी ती कामावरून आली ती खांद्यावरची पिशवी न काढताच स्वयंपाकघरात उभी राहिली.

"आई, आज मोठे डॉक्टर खाली आले होते."

"कोणाला शोधत?"

"मलाच. दारात कपाळ आपटलं त्यांचं. त्यांना माहीतच नव्हतं चौकट एवढी खाली आहे. सतरा-अठरा वर्षांत आलेच नव्हते ना कधी."

डॉक्टर उरलेल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसले आणि कपाळ चोळत राहिले. तिने ओला रुमाल दिला. मग ते म्हणाले, "सकाळी एक प्रश्न निघाला. शिकाऊ पोरगा म्हणाला, सर, काही नाही, मी फोनवर बघितलं. मी विचारलं, कसं बघितलंस? कुठे? काय काय लिहून? कुठली खूण ठेवून? त्याला सांगता येईना. दुसऱ्याला विचारलं, त्यालाही येईना." कपाळावरचा रुमाल काढून म्हणाले, "मग माझ्या लक्षात आलं की तीस वर्षं मी असली 'नाही' ऐकत आलोय आणि त्यावर औषधं ठरवत आलोय. ती वही दाखवा."

सुनेने वही दिली. ते पहिल्या पानापासून वाचायला लागले. वरच्या खिडकीतून लोकांची पावलं जात होती. चुकलेल्या पानापाशी ते थांबले.

"हे तुमच्या बाईंना पाठवलंत?"

"हो. तेच आधी पाठवलं."

त्याच्या पुढच्या पानांवर दर शोधाच्या वर पहिल्या ओळीत दोनच शब्द होते, पाटी पुसली. त्यांनी विचारलं, हे काय?

"सुरुवात करायच्या आधी सगळ्या खुणा काढते आणि काढल्या म्हणून लिहिते. आमच्या आई सांगतात, त्यांच्या शाळेत नवीन गणिताच्या आधी पाटी कोरडी करून गुरुजींना दाखवावी लागायची."

"वॉर्ड तर बंद आहे तुम्हांला. मग हे शोध कोणासाठी?"

सून म्हणाली, "सिस्टर येता जाता सांगतात, आज वर काय प्रश्न निघाले ते. मी शोधून ठेवते. लागलेच तर असावेत म्हणून."

डॉक्टर उठले. दारापाशी या वेळी नीट वाकले. "उद्या साडेआठला. उशीर नको. आणि त्या पोरांना ही पाटी शिकवा."

एवढं सांगून सून पिशवी हातात धरून तशीच उभी होती. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण माझे हात पिठाचे. मग तसेच घेतलं. तिच्या पाठीवर दोन पांढरे पंजे उमटले आणि नातीने ते जेवण होईपर्यंत कोणाला पुसू दिले नाहीत.

पत्र दीड महिन्याने आलं. त्या डॉक्टरांच्या मानाने लांबच, दोन ओळींचं. सुनेने ते मला वाचून दाखवलं, मग मी अक्षर लावत स्वतः वाचलं. 'या बाई नाही म्हणतात तेव्हा मी आता विश्वास ठेवतो, कारण त्यांना ते मागे घेताना मी पाहिलं आहे. वॉर्डात हव्यात.' फेलोशिप पुरी झाली. शेवटच्या गुरुवारी गुरुबाईने मांजराला मांडीवर घेऊन बाराही जणांना कॅमेऱ्यासमोर दाखवलं. आमच्याकडे तो सन्मान समजला गेला.

ती मुलगी घरी जायच्या दिवशी आईबरोबर खाली ग्रंथालयात आली होती. तिला पुस्तक हवं होतं. तिथे मुलांचं पुस्तक कुठून असणार? सुनेने तिला हाडांच्या चित्रांचं मोठं पुस्तक उघडून दिलं. मुलीने सांगाड्याकडे बघून विचारलं, "याला पण सूज होती का?"

"नाही गं," सून म्हणाली, मग थांबली. "थांब हं, बघून सांगते."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कोट इस्त्री करत होते, आणि ती वही पक्की करत होती. खिशाच्या शिवणीवरून हात फिरवला तर एक टाका सैल लागला. मी सुई काढली.

"आई," ती वर न बघता म्हणाली, "दोरा आला वाटतं?"

"कालच आला," मी म्हटलं, आणि टाका घट्ट केला.